लहरींचा मेळा आणि शिखराचा भार

धरण बांधणारा स्थापत्यविशारद नदीच्या सरासरी प्रवाहावरून सांडव्याची रुंदी ठरवीत नाही. वर्षाचे अकरा महिने नदी पात्राच्या तळाशी वाहत असली, तरी पन्नास-शंभर वर्षांतून एखादे वेळी येणारा महापूर डोळ्यांपुढे ठेवूनच त्याला आपले गणित मांडावे लागते. सांडव्यावर होणारा बहुतेक खर्च अशा रीतीने क्वचित घडणाऱ्या घटनेसाठी असतो. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात याच जातीचा एक प्रश्न शंभर वर्षांच्या आसपास अभियंत्यांच्या आणि गणितज्ञांच्या मागे लागलेला आहे. अनेक वाहक लहरी एकत्र करून संदेश पाठविला, म्हणजे त्या लहरींच्या बेरजेत मधूनच एक उत्तुंग शिखर उभे राहते. ते शिखर क्षणभरच टिकते. परंतु त्या क्षणासाठी प्रक्षेपकाचा आकार, त्याची किंमत आणि त्याला लागणारी वीज ही सर्व वाढतात. हे शिखर कमी कसे करावे, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे काटकसरीच्या एका चिवट प्रयत्नाचा इतिहास होय.

प्रश्नाचे मूळ अगदी साध्या बेरजेत आहे. कोणताही गुंतागुंतीचा आवर्ती आकार साध्या लहरींच्या बेरजेने बनविता येतो, हा विचार जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना १८०७ साली मांडला आणि १८२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या विचाराची दुसरी बाजू अशी की, साध्या लहरी एकत्र आल्या म्हणजे त्यांच्या बेरजेचा आकार त्यांच्या परस्पर मेळावर अवलंबून राहतो. लहर आपल्या आवर्तनात ज्या टप्प्यावर असते त्याला भौतिकशास्त्रात कला असे म्हणतात. चार लहरींच्या कला भिन्न असतील, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात जिरतो. पण एखाद्या क्षणी चारही उंचवटे एकाच ठिकाणी आले, तर बेरजेची उंची चौपट होते. आणि शक्ती ही उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सोळापट होते. चार लहरींची सरासरी शक्ती मात्र एका लहरीच्या चौपटच असते. म्हणजे शिखर सरासरीच्या चौपट झाले. लहरी शंभर असतील तर हे प्रमाण शंभरपट होऊ शकते. दिंडीत शंभर वारकरी आपापल्या लयीने टाळ वाजवीत असताना एक संथ नाद ऐकू येतो. ते शंभर टाळ योगायोगाने एकाच क्षणी आदळले, तर कानठळ्या बसतात. फरक केवळ मेळाचा असतो, टाळांच्या संख्येचा नसतो.

या प्रश्नाची पहिली जाणीव बिनतारी क्षेत्रात झाली नाही, ती तारेवरच्या टेलिफोनच्या क्षेत्रात झाली. एकाच तारेवरून अनेक संभाषणे निरनिराळ्या वारंवारतांच्या वाहक लहरींवर बसवून पाठविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रूढ होऊ लागली. दूर अंतरावर जाताना क्षीण होणारा संदेश वाटेत पुनःपुन्हा बलवान करावा लागे, आणि त्यासाठी ठिकठिकाणी प्रवर्धक बसवावे लागत. प्रवर्धक आपल्या मर्यादेपलीकडे ताणला गेला म्हणजे लहरींचे माथे छाटले जातात, एका संभाषणाचे अंश दुसऱ्यात मिसळतात आणि सर्वच संभाषणे खरखरीत होतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता या दोषाच्या मागे कित्येक वर्षे लागला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेतून कामावर जात असताना त्याला ऋण पुनर्भरणाची कल्पना सुचली, आणि हाती असलेल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ती टिपून ठेवली. प्रवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलटा करून आत सोडावयाचा आणि चूक तिच्याच साहाय्याने मारावयाची, असे तिचे स्वरूप होते. तिच्यामुळे प्रवर्धक पुष्कळ सरळमार्गी झाले. मर्यादा मात्र नाहीशी झाली नाही, कारण पुनर्भरण कितीही असले तरी प्रवर्धकाच्या अंगी नसलेली शक्ती त्याला देता येत नाही.

मग ती मर्यादा ठेवावी तरी किती? सर्व संभाषणांची शिखरे एकाच क्षणी येतील असे धरून प्रवर्धक बांधावा, तर तो परवडणार नाही. सरासरीवर विसंबून बांधावा, तर तो वारंवार कोलमडेल. १९३९ साली बेल प्रयोगशाळेतील हॉलब्रुक आणि डिक्सन या दोघांनी या प्रश्नाला संभाव्यतेच्या गणिताने उत्तर दिले. बोलणारी सर्व माणसे एकदम बोलत नाहीत; एकजण बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो; कोणाचा आवाज मोठा असतो, कोणाचा बारीक. या सर्वांचा हिशेब करून अत्यल्प काळ ओलांडली जाईल अशी एक पातळी काढता येते, आणि प्रवर्धक तेवढाच बळकट करणे पुरेसे असते. वाहिन्यांची संख्या वाढत जाईल तसतसे एकूण भाराचे वर्तन अधिकाधिक सुसूत्र होत जाते, हेही त्यांच्या विवेचनावरून स्पष्ट झाले. अतिदुर्मिळ घटनेला भिऊन राहण्याऐवजी तिची दुर्मिळता मोजून जोखीम पत्करावी, हा दृष्टिकोन येथून पुढच्या सर्व इतिहासाचा पाया ठरला.

त्याच दशकात नभोवाणीचे अभियंते त्याच अडचणीशी दुसऱ्या बाजूने झुंजत होते. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात आवाजानुसार वाहक लहरीची उंची कमीजास्त होते, आणि पूर्ण आवाजाच्या क्षणी शक्ती नुसत्या वाहक लहरीच्या चौपट होते. त्या चौपटीसाठी बांधलेला प्रवर्धक एरवी आरामात असतो. परंतु प्रवर्धकाला आराम महाग पडतो. पूर्ण भाराला तो घेतलेल्या विजेचा चांगला उपयोग करतो, अर्ध्यामुर्ध्या भाराला मात्र तिच्यातील पुष्कळशी उष्णतेच्या रूपाने घालवितो. फ्रान्समध्ये आंरी शिरे यांनी १९३५ साली आणि अमेरिकेत विल्यम डोहर्टी यांनी १९३६ साली यावर दोन स्वतंत्र तोडगे काढले. डोहर्टी यांच्या रचनेत दोन प्रवर्धक असतात. एक सदैव राबतो; दुसरा स्वस्थ बसतो आणि शिखराच्या वेळीच हात लावतो. सुगीच्या दिवसांपुरता रोजंदारीचा माणूस लावावा, तशीच ही व्यवस्था म्हणता येईल. १९५२ साली लिओनार्ड कान यांनी तिसरा मार्ग दाखविला. लहरीची उंची आणि तिची कला ही वेगळी करावयाची, त्यांवर स्वतंत्र रीतीने काम करावयाचे आणि शेवटच्या पायरीवर त्यांना पुन्हा एकत्र आणावयाचे, असा तो मार्ग होता. ही सर्व उपाययोजना शिखर सोसण्याची होती. शिखर मुळातच उभे राहू नये, हा विचार अजून पुढे यावयाचा होता.

तो विचार पुढे येण्याचे कारण म्हणजे बहुवाहक पद्धतीचा उदय. बिनतारी लहर एकाच वाटेने येत नाही. डोंगर, इमारती, आकाशातील आयनांचे थर यांवरून परावर्तित होऊन तिचे अनेक प्रतिध्वनी निरनिराळ्या वेळी पोहोचतात. संदेशाची चिन्हे घाईघाईने एकामागून एक पाठविली, तर पहिल्या चिन्हाचा प्रतिध्वनी दुसऱ्या चिन्हावर येऊन पडतो. यावर एक शहाणपणाचा तोडगा असा की, एका वेगवान प्रवाहाचे अनेक संथ प्रवाह करावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाहक लहर द्यावी. प्रत्येक चिन्ह मग दीर्घकाळ टिकते आणि प्रतिध्वनी त्याला फारसा उपद्रव देत नाही. अमेरिकेतील कॉलिन्स रेडिओ कंपनीने १९५७ च्या सुमारास पुढे आणलेल्या काइनेप्लेक्स नावाच्या यंत्रणेत लघुलहरींवर असे वीस स्वर एकत्र पाठविले जात, आणि प्रत्येक स्वराच्या चार कलांमधून माहितीचे दोन अंक जात.

या कल्पनेला शास्त्रशुद्ध रूप बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली दिले. शेजारच्या वाहक लहरी एकमेकींवर चढल्या तरी परस्परांत मिसळणार नाहीत, असे त्यांचे अंतर राखता येते, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु शेकडो लहरींसाठी शेकडो जनित्रे बसवावयाची कोणी? त्याचे उत्तर १९७१ साली वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दिले. फूरियेचे गणितच अंकगणकाकडून करवून घेतले, तर सर्व लहरींची बेरीज एकदम तयार होते. कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली ते गणित अतिशय जलद करण्याची रीत प्रसिद्ध केलेलीच होती. १९८० साली पेलेड आणि रुइझ यांनी प्रत्येक चिन्हाच्या शेपटाचा तुकडा त्याच्या डोक्याला जोडण्याची युक्ती दाखवून प्रतिध्वनींचा उरलासुरला त्रास मिटविला. १९८५ साली लेनर्ड सिमिनी यांनी चालत्या वाहनातील दूरभाषासाठी या पद्धतीची शिफारस केली. त्यानंतर युरोपातील अंकीय नभोवाणी, तारेवरील जलद इंटरनेट आणि १९९९ साली घरगुती वायफायचे एक मानक, अशी तिची घोडदौड सुरू झाली.

या घोडदौडीबरोबर जुने शिखरही परत आले. वायफायच्या त्या मानकात बावन्न वाहक लहरी आहेत. म्हणजे शिखर सरासरीच्या बावन्नपट होऊ शकते. प्रत्येक लहरीच्या चार कला घेतल्या, तर बावन्न लहरींनी बनणाऱ्या शब्दांची संख्या दोनावर एकतीस शून्ये इतकी होते, आणि त्यांपैकी नेमके सोळा शब्द हे परमोच्च शिखर गाठतात. सेकंदाला अडीच लाख शब्द पाठविले, तरी त्यांतला एखादा येण्यास विश्वाचे आजचे वयही पुरणार नाही. तेव्हा त्याची धास्ती धरण्याचे कारण नाही. पण त्याच्या धाकट्या भावंडांची गोष्ट निराळी आहे. अनेक स्वैर लहरींच्या बेरजेत एखाद्या क्षणाची शक्ती सरासरीच्या दहापट होण्याचा संभव सुमारे बावीस हजारांत एक इतका असतो. हा संभव ऐकावयास लहान वाटतो. परंतु यंत्र सेकंदाला कोट्यवधी क्षण हाताळते, आणि म्हणून अशी शिखरे सेकंदाला शेकडो वेळा येतात.

त्यांना वाट करून द्यावयाची, तर दहापट शक्तीचा प्रवर्धक बांधून तो एक दशांश शक्तीवर चालवावा लागतो. पूर्ण भाराला शेकडा अठ्ठ्याहत्तर वीज कारणी लावू शकणारा एक परिचित प्रकारचा प्रवर्धक अशा वेळी शेकडा पंचवीसही कारणी लावीत नाही. उरलेली पाऊणशे टक्के वीज उष्णता होऊन जाते. वाट करून न द्यावी, तर माथे छाटले जातात. छाटलेल्या माथ्याचे दुष्परिणाम दोन. आपलाच संदेश बिघडतो, हा पहिला. आणि त्या आघातातून उत्पन्न झालेल्या उपलहरी शेजाऱ्याच्या वारंवारतेवर सांडतात, हा दुसरा. पहिला दोष सोसता येतो. दुसऱ्याला कायद्याची आडकाठी आहे.

या ठिकाणी गणिताने एक अनपेक्षित मदत केली, आणि ती बहुवाहक पद्धतीचा प्रश्न ज्यांच्या स्वप्नातही नव्हता अशा माणसांकडून आली. मार्सेल गोले हे मूळचे स्वित्झर्लंडचे; अमेरिकेच्या लष्करी संदेशवहन विभागाच्या प्रयोगशाळेत ते काम करीत होते. अवरक्त किरणांचा वर्णपट पाहण्यासाठी अनेक फटींच्या दोन जाळ्या कशा पाडाव्यात, या विचारात असताना १९५० च्या आसपास त्यांना अधिक आणि उणे चिन्हांच्या काही विलक्षण जोड्या सापडल्या. १९६१ साली त्यांनी या परस्परपूरक श्रेणींवर स्वतंत्र निबंध लिहिला. या जोडीचा गुण असा की, दोन्ही श्रेणी वाहक लहरींवर बसविल्या, तर कोणत्याही क्षणी दोघींच्या शक्तींची बेरीज स्थिर राहते. एक वर चढते तेव्हा दुसरी तेवढीच खाली उतरते. आता जिथे दोघींची मिळून ठेव ठरलेली आहे, तिथे एकीने सारी ठेव उचलली तरी ती आपल्या सरासरी वाट्याच्या दुपटीपलीकडे जाऊ शकत नाही. लहरी बावन्न असोत वा हजार असोत, शिखर दुपटीच्या आतच राहते. ज्या प्रमाणाची धास्ती शंभरपट होती, ते दोनवर आले.

हॅरल्ड शपायरो यांनी १९५१ साली शुद्ध गणिताच्या निमित्ताने अशाच श्रेणींचा अभ्यास केला होता, आणि वॉल्टर रूडिन यांनी १९५९ साली तो विषय पुढे नेला. १९७० साली मान्फ्रेड श्रोडर यांनी अंकांऐवजी कलांचा मार्ग घेतला. प्रत्येक पुढच्या स्वराची कला वाढत्या प्रमाणात सरकवीत नेली, तर स्वर एकदम न आदळता एकामागून एक रांगेने येतात, आणि सारी बेरीज हळूहळू चढत जाणाऱ्या एका सुरासारखी सपाट राहते. १९८६ साली स्टीफन बॉइड यांनी शपायरो आणि रूडिन यांच्या श्रेणी बहुस्वरी संदेशाला लावून दाखविल्या, आणि १९९१ साली पोपोविच यांनी गोले यांच्या श्रेणींचा हा गुण व्यापक स्वरूपात मांडला. वर्णपटाच्या फटींसाठी जन्मलेली कल्पना चाळीस वर्षांनी बिनतारी यंत्राच्या कामी आली.

तथापि एक मोठी अडचण उरली होती. श्रोडर यांचे स्वर आधीच ठरलेले असतात. संदेशाचे शब्द मात्र बोलणाऱ्याच्या इच्छेने ठरतात. मनुष्याने काय पाठवावे हे अभियंत्याने कसे ठरवावे? १९९४ साली जोन्स, विल्किन्सन आणि बार्टन या ब्रिटिश संशोधकांनी एक सुरेख उदाहरण पुढे ठेवले. चार वाहक लहरी घ्या आणि प्रत्येकीवर अधिक किंवा उणे यांपैकी एक चिन्ह बसवा. असे एकूण सोळा शब्द होतात. प्रत्येकाची सरासरी शक्ती चार. त्यांपैकी चार शब्दांचे शिखर सोळा होते, आणखी चारांचे सुमारे साडेनऊ, आणि उरलेल्या आठांचे सातच्या किंचित वर. आता या शेवटच्या आठ शब्दांची खूण काय? तर त्यांत उणे चिन्हांची संख्या विषम असते. म्हणून पहिल्या तीन लहरींवर हवा तो संदेश ठेवावा आणि चौथीचे चिन्ह असे निवडावे की उणे चिन्हे विषम व्हावीत. एवढ्या साध्या नियमाने शिखर सोळावरून सातवर येते. हे आठ शब्द म्हणजे गोले यांच्याच कुळातले होत. किंमत मात्र उघड आहे. चार लहरींपैकी एक लहर माहिती वाहून नेण्याऐवजी शिस्त राखण्याच्या कामी लागली. लहरी वाढत जातात तशी ही किंमतही फार चढते. जेम्स डेव्हिस आणि जोनाथन जेडवाब यांनी १९९९ साली गोले यांच्या श्रेणी आणि चुका दुरुस्त करणाऱ्या रीड-मुलर संकेतांचे एक नाते उलगडून दाखविले, आणि शिस्तीसाठी खर्ची पडलेल्या लहरींकडून चूकदुरुस्तीचेही काम करून घेता येते हे सिद्ध केले. गणिताच्या दृष्टीने हा निकाल फार देखणा आहे. परंतु शेकडो लहरींच्या यंत्रात तो एकटा पुरा पडत नाही.

त्यामुळे दुसरी एक विचारसरणी पुढे आली. शब्दांवर बंधन घालू नये. त्याऐवजी एकाच शब्दाची निरनिराळी रूपे तयार करावीत आणि सर्वांत बुटके रूप पाठवावे. जर्मनीतील बॉइम्ल, फिशर आणि ह्यूबर यांनी १९९६ साली ही रीत मांडली. तिचे बळ संभाव्यतेत आहे. एखादे रूप मर्यादा ओलांडील याचा संभव दहात एक असला, तर चार स्वतंत्र रूपे एकाच वेळी ओलांडतील याचा संभव दहा हजारांत एक इतका उतरतो. पुढच्याच वर्षी म्यूलर आणि ह्यूबर यांनी लहरींचे गट पाडून गटागटाची कला फिरविण्याची रीत सुचविली. येथे किंमत गणिताच्या श्रमांत आणि कोणते रूप निवडले हे पलीकडच्या टोकाला कळविण्यात मोजावी लागते. टेलाडो आणि सिऑफी यांनी त्याच सुमारास आणखी एक वाट काढली. काही थोड्या वाहक लहरी संदेशापासून मोकळ्या ठेवावयाच्या, आणि शिखर दिसताच त्या मोकळ्या लहरींतून उलटा आघात देऊन ते खाली दाबावयाचे. या रीतीत पलीकडच्या ग्राहकयंत्राला काही कळविण्याची गरज पडत नाही. २००९ साली ठरलेल्या डीव्हीबी-टी२ या भूमीवरील दूरचित्रवाणीच्या मानकात सुमारे सत्तावीस हजार वाहक लहरींपर्यंत मजल जाते, आणि त्यांतील शेकडा एक लहरी या कामासाठी राखून ठेवण्याची सोय आहे. याच मानकाचे प्रक्षेपण दूरदर्शनने २०१६ साली मुंबईसह सोळा शहरांत सुरू केले.

आतापर्यंतचा सारा विचार मुख्यतः मोठ्या प्रक्षेपकाचा होता. मनोऱ्यापाशी विजेचा पुरवठा असतो, थंड करणारे पंखे असतात, आणि डोहर्टी यांची जुनी जोडगोळी नव्या रूपात तिथे राबू शकते. परंतु मोबाइल दूरभाष सर्वसामान्य माणसाच्या खिशात गेला, तेव्हा तोही एक प्रक्षेपकच होता, आणि त्याची सारी पुंजी एका लहानशा बॅटरीत होती. त्याने बाहेर टाकावयाची शक्ती सुमारे एक पंचमांश वॅट. तिच्यातून शिखरासाठी मोकळी जागा सोडावयाची, तर उरलेल्या शक्तीने मनोरा गाठणे कठीण. म्हणून २००८ साली चौथ्या पिढीच्या एलटीई मानकाला अंतिम रूप देताना एक अर्थपूर्ण तडजोड झाली. मनोऱ्याकडून दूरभाषाकडे येणारा संदेश बहुवाहक ठेवला गेला. दूरभाषाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशात मात्र चिन्हे लहरींवर बसविण्यापूर्वी त्यांवर फूरियेचे गणित आणखी एकदा करण्यात आले. परिणामी बाहेर पडणारी लहर जवळजवळ एकवाहक लहरीसारखी वागते आणि तिची शिखरे बुटकी राहतात. सशक्ताने गुंतागुंत सोसावी आणि अशक्ताच्या हाती साधे काम द्यावे, असा हा न्याय आहे. भारतात या पिढीची सेवा एप्रिल २०१२ मध्ये प्रथम कोलकात्यात सुरू झाली. त्यानंतर देशभर जे कोट्यवधी दूरभाष आले, त्यांच्या बॅटरीची काही मिनिटे या तडजोडीची ऋणी आहेत.

भारताचा या इतिहासाशी संबंध केवळ उपभोक्त्याचा राहिलेला नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम पद्धतीचे अंकीय प्रक्षेपण स्वीकारले आणि तीसहून अधिक प्रक्षेपक त्यासाठी उभारले. या पद्धतीत दहा किलोहर्ट्‌झच्या अरुंद पट्ट्यात सुमारे दोनशे वाहक लहरी एकत्र जातात. मध्यम लहरींच्या प्रचंड शक्तीच्या प्रक्षेपकांतून त्या पाठविताना उंची आणि कला वेगळ्या करण्याची कान यांची १९५२ सालची कल्पनाच उपयोगी पडते. नव्या पद्धतीला जुन्या प्रक्षेपकात जागा मिळाली, ती एका जुन्या विचाराच्या आधाराने.

पाचव्या पिढीच्या वेळी भारताने आपला प्रश्न जगापुढे ठेवला. ग्रामीण भागात मनोऱ्यांमधले अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर असेल, असे आंतरराष्ट्रीय चाचणीत गृहीत धरले जात होते. ज्या देशातील खेडी विखुरलेली आहेत आणि मनोऱ्यावरचा खर्च जिथे जपून करावा लागतो, तिथे हे गृहीत टिकणारे नव्हते. सहा किलोमीटर अंतरावर मनोरे असतील आणि लोक सावकाश हिंडत असतील, अशा परिस्थितीचीही परीक्षा व्हावी, ही भारताची मागणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ साली मान्य केली. आता सहा किलोमीटरांच्या क्षेत्राच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा दूरभाष मनोऱ्यापर्यंत पोहोचावा कसा? उत्तर पुन्हा शिखराच्या प्रश्नापाशी येऊन ठेपते. प्रत्येक चिन्ह मागच्या चिन्हापेक्षा पाव वर्तुळाने फिरवून पाठविले, तर लहर एकदम उलटी होत नाही. ती शून्यातून न जाता कडेकडेने वळते, आणि तिची उंची जवळजवळ समान राहते. मग प्रवर्धकाला शिखरासाठी जागा राखण्याचे फारसे कारण उरत नाही आणि त्याची पूर्ण शक्ती संदेशाच्या कामी येते. या तंत्राच्या विकासात हैदराबाद आणि मद्रास येथील आयआयटींच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. भारतीय मानक संस्थेने सिद्ध केलेले ५जी-आय हे मानक २०२१ साली आंतरराष्ट्रीय मान्यता पावले, आणि पुढे जागतिक ५जी मानकाच्या सतराव्या आवृत्तीत ते सामावले गेले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली.

या साऱ्या इतिहासाकडे पाहिले, तर एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात येते. शिखर फुकट कमी झाल्याचे एकही उदाहरण त्यात नाही. हॉलब्रुक आणि डिक्सन यांनी थोडी जोखीम पत्करली; डोहर्टी यांनी दुसरा प्रवर्धक दिला; गोले यांच्या श्रेणींनी शब्दांचे स्वातंत्र्य मागितले; ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताचे श्रम वाढविले; टेलाडो यांनी काही लहरी राखून ठेवल्या. प्रत्येक पिढीने केवळ एवढेच ठरविले की, ही किंमत कोणी आणि कोणत्या नाण्यात द्यावी. ज्याच्यापाशी वीज आहे त्याने वीज द्यावी, ज्याच्यापाशी गणनशक्ती आहे त्याने गणित करावे, आणि ज्याच्यापाशी लहानशी बॅटरी एवढेच भांडवल आहे त्याला शक्य तितके मोकळे ठेवावे, या निर्णयापर्यंत येण्यास कित्येक दशके लागली. तो निर्णय प्रयोगशाळेत झाला. त्याची कसोटी मात्र मनोऱ्यापासून सहा किलोमीटरांवरच्या खेड्यात लागते. तिथल्या माणसाची हाक पोहोचते की मध्येच विरते, हे क्षणभर उभ्या राहणाऱ्या एका शिखरावर अवलंबून असते.